दोन बरण्या

नाशिक रोडच्या त्या दुकानदाराचं नाव मी कधी विचारलं नाही. कळकट शर्ट, कानामागे खोचलेला पेचकस. हार्ड डिस्क हातात आली की वैद्याने नाडी बघावी तशी तो आधी कानाला लावायचा. मी तेव्हा साठीची, म्हणजे अक्कल अजून यायची होती.

"सगळ्यात मोठी द्या," मी ऐटीत म्हटलं. "आमचे हे गेले. त्यांनी गायलेली गाणी आहेत संगणकात."

"काकू, त्यापेक्षा लहान दोन घ्या, तीच गाणी दोन्हींत ठेवा. वर्षाचं लोणचं एकाच बरणीत भरता का?"

"मला लोणचं शिकवू नका! दोन खपवायचा धंदा तुमचा."

मोठीच घेतली. गाणी तिच्यात भरली आणि संगणकातली जुनी डिस्क त्यांच्या मूळ कॅसेटींच्या मागोमाग भंगारात घातली. मी बाईसाहेब वर्षभर मिरवले. मग एका सकाळी डिस्क टकटक करून गप्प झाली.

दुकानात नेली. त्याने ती कानाला लावली, बराच वेळ ऐकलं, मान हलवली. टोमणा मारायचा त्याचा हक्कच होता. मारेना, तेव्हा मीच खेकसले, "बोला की!"

"काय बोलू, काकू? चांगलं गायचे का काका?"

मान डोलावून घरी आले. या शहाणीच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर लोणच्याच्या दोन्ही बरण्या शाबूत होत्या.