लाज वाटण्याचा गृहपाठ

शाळेच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करताना माझी वाचाच बसली. पाहुण्यांचं नाव आठवेना. मी माईक टेबलावर ठेवला आणि सगळ्यांच्या देखत स्टाफरूममध्ये निघून गेले. झालं ते एवढंच. पण त्या दिवसापासून डोक्यात एकच घोकंपट्टी सुरू झाली: मी बिनकामाची आहे. भाजी खारट झाली तरी तेच, फळ्यावर एक अक्षर चुकलं तरी तेच. शेवटी मुख्याध्यापकांना सांगून टाकलं, दिवाळीनंतर नोकरी सोडते.

नवऱ्याकडे उपाय तयार होता. रोज आरशासमोर उभं राहून म्हणायचं, ‘मी सर्वोत्तम आहे.’ म्हणून पाहिलं. आरशातल्या बाईचा माझ्यावर काडीचा विश्वास बसला नाही.

मग मैत्रिणीनं पुण्याच्या एका कोच बाईंशी गाठ घालून दिली. दर शनिवारी व्हिडिओ कॉल. त्यांचं म्हणणं, आत्मसन्मान वाढवायच्या भानगडीत पडूच नका. तो कापसाच्या भावासारखा आज वर, उद्या खाली. त्यापेक्षा स्वतःला असे घाऊक मार्क देणंच बंद करा. चूक झाली तर ‘चूक झाली’ म्हणा आणि तिथंच थांबा. ऐकायला छान होतं, जमत मात्र नव्हतं. तेव्हा त्यांनी गृहपाठ दिला. चारचौघांत मुद्दाम येडेपणा करायचा, लाज वाटू द्यायची आणि ती सोसायची. माझ्या वाट्याला आलं ते असं: शाळेला जाताना एसटीत प्रत्येक स्टॉपचं नाव मोठ्यानं पुकारायचं.

या बाई कधी आमच्या भागात आल्या होत्या की नाही, कोण जाणे!

जिंतूरच्या गाडीत बसले आणि डोळे मिटून पहिलं नाव ओरडले. कुणी हसलं नाही. कंडक्टर म्हणाला, “बरं झालं मॅडम, माझा गळा लय बसलाय,” आणि तिकिटाचं मशीन घेऊन खुशाल मागं गेला. मागून एक काका ओरडले, “जरा जोरात सांगा की, इकडं ऐकू येईना.” लाज वाटायला आधी कुणीतरी आपल्याला येड्यात काढायला हवं ना? इथं तर मला कामालाच लावलं! शेजारी एक म्हातारी होती, लेकीकडं निघालेली. माझ्या शाळेच्या अलीकडच्याच फाट्यावर तिला उतरायचं होतं. ती म्हणाली, “माय, फाटा आला की सांग गं मला.”

झरी गाव मागं पडलं तोवर मी चांगलीच रंगात आले होते. ‘लाज वाटतच नाही हो’ असा मेसेज कोच बाईंना टाकत असताना गाडी थांबली. मी मान वर न करताच फाट्याचं नाव ठोकून दिलं. म्हातारी उतरली, गाडी निघाली आणि मला खिडकीतून पाटी दिसली. एक फाटा आधीच उतरवलं होतं तिला!

गाडी थांबवून उतरले आणि धावत मागं गेले. म्हातारी गाठोडं खाली टाकून भर उन्हात उभी होती.

“डोळे फुटले का गं तुजे? शिकल्यासवरल्याली दिसतीस आन् लोकाला भलतीकडंच उतरवायलीस?”

आता आली लाज. कानशिलं तापली, डोळे भरले आणि ती जुनी घोकंपट्टी ओठांवर आली. पण मला त्या घोकंपट्टीचाच विलक्षण वैताग आला. म्हातारी उन्हात उभी, आणि मी इथं स्वतःला किती मार्क द्यायचे ते ठरवत बसू?

“चुकलं माझं, आजी,” मी म्हणाले आणि गाठोडं उचललं.

बऱ्याच वेळानं एक जीप मिळाली. म्हातारीचं तोंड चालूच होतं. तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला, कुठं आहात म्हणून. सांगितलं, “दुसऱ्याच फाट्यावर उतरले सर, उशीर होईल.” ते आधीच कावले होते. परवा होणाऱ्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालनाला कुणीच तयार नव्हतं.

“मी करते,” मी म्हणाले.

“तुमी? आन् मागच्यासारखं झालं तर?”

“झालं तर झालं. आणि नोकरी सोडायचं म्हणाले होते, ते राहू द्या.”

म्हातारीनं फोनपाशी तोंड आणलं. “साहेब, हिच्या नादी लागू नका! भलतीकडंच उतरवती ही बाई!”

जीपमधले सगळे माझ्याकडे बघून हसले.

“खरं आहे त्यांचं,” मी फोनवर म्हणाले. “कार्यक्रम किती वाजता आहे, सर?”