दोन पिंपांची सोडत

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, पोटच्या मुलीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा या गोष्टीला वळसा घालून पुढे जाते — जणू त्याला माहीतच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मध्ये बोलणार नाही. मध्ये कुणी बोललं की मी लगेच विषय बदलते. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

कुठून सुरू करू? सोडतीपासूनच करते.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. आमचं इथलं, लंडनजवळच्या वॉटफर्डचं छोटंसं मराठी मंडळ. शनिवारच्या मराठी शाळेसाठी निधी हवा होता आणि गणपतीत रॅफल, म्हणजे सोडत, काढायची असं ठरलं. आता आमची रॅफल म्हणजे काय — एक बादली, रंगीत कुपनं, आणि दर वर्षी कमिटीतल्याच कुणाच्या तरी घरी मिक्सर. लोक कुजबुजायचे. माझी मैत्रीण वृंदा इथल्या एका सेकंडरी स्कूलमध्ये हिस्टरी शिकवायची. ती मीटिंगमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "या वर्षी सोडत मी काढते. चार-साडेचारशे वर्षांपूर्वी या देशात काढायचे तशी. कुणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही."

तेव्हा म्हणे इथल्या राणीने बंदरं दुरुस्त करायला अशी सोडत काढली होती. लोकांचा भरवसा बसेना, म्हणून सगळं उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दोन मोठी भांडी. एकात लोकांच्या चिठ्ठ्या. दुसऱ्यात बक्षिसांचे कागद आणि त्यांत मिसळलेले ढीगभर कोरे कागद. एकीने चिठ्ठी काढायची, दुसरीने कागद. जोडी लागली ती लागली. आणि शेवटची चिठ्ठी निघेपर्यंत थांबायचं नाही, म्हणजे प्रत्येकाला कळतं की आपली चिठ्ठी आत होती आणि बक्षीसही खरंच आत होतं. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही! नावाऐवजी प्रत्येकाने आपली अशी एक ओळ लिहायची. का? तर कागद काढणाऱ्याला कळता कामा नये की ही चिठ्ठी कुणाची.

कागद काढायला वृंदाने मला निवडलं. "नीलू, तुझ्यावर कुणी संशय घेणार नाही," म्हणाली. मी फुगले. का नाही फुगणार? त्या वर्षी माझ्याबद्दल चांगलं बोलणारं दुसरं होतं कोण?

त्या वर्षी — हे सांगायलाच हवं — माझा नवरा मला सोडून गेला होता. सगळ्यांना मी सांगत होते की मँचेस्टरला नवी नोकरी लागलीय, वीकेंडला येतो. येत नव्हता. तिथे त्याने दुसरं घर मांडलं होतं. हे मी एकाच माणसाला सांगितलं. आशाताईंना. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, आमच्याच रस्त्यावर राहायच्या, मला धाकट्या जावेसारखं वागवायच्या. त्यांच्या किचनमध्ये बसून मी पोटभर रडले. त्यांनी चहा दिला, पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "नीलू, हे या चार भिंतींत राहील हो."

राहिलं का? गणपतीच्या आधी आम्ही बायका मोदक वळायला जमलो होतो. एक जण, जिच्याशी माझं धड बोलणंही नव्हतं, माझ्या दंडावर हात ठेवून म्हणते, "एकटीनं किती करशील गं? काही लागलं तर सांग हं." आणि बाकीच्या सगळ्या अचानक आपापल्या पारीकडे बघायला लागल्या. एकीनेही मान वर केली नाही. मी आशाताईंकडे पाहिलं. त्या उठून गॅस बारीक करायला गेल्या.

मला त्या क्षणी जे झालं ना — नवरा गेला तेव्हा नव्हतं झालं तसं. नवऱ्याचं मला आतून कळत होतं, बरेच दिवस. हे मला कळलंच नव्हतं. मी आपणहून त्या बाईच्या हातात माझी अब्रू ठेवली होती. तिने ती मोदकांबरोबर वाटली? मी विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही. पण माझी खात्री होती आणि, खरं सांगू, आजही आहे. राग अजून गेलेला नाही. हा कबुलीजबाब आहे म्हणून तो गेला असं खोटं कशाला सांगू?

सोडतीचं पहिलं बक्षीस होतं मुंबईचं विमानाचं तिकीट, जाऊन-येऊन. मंडळातल्या एका ट्रॅव्हल एजंटने दिलेलं. बाकी कुकर, साडी, भारतात फोन करायची कार्डं, असलं किरकोळ. त्या तिकिटावर सगळ्यांचा डोळा होता, पण ते हवं होतं आशाताईंना. त्यांची आई सांगलीला अंथरुणाला खिळली होती. सुरेशरावांची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, फॅक्टरी नुकतीच बंद पडलेली. आशाताई लपवाछपवी न करता सगळ्यांना सांगायच्या, "मला लागलं तर आईला डोळे भरून बघून येईन. नाही लागलं तर मग बघू कधी जमतंय ते."

सोडतीच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. स्टेजवर मंडळाची दोन स्टीलची पिंपं, पाणी साठवायला वापरायचो ती. डावीकडे वृंदा, उजवीकडे मी. तिचा हुकूम होता, बाह्या आखूड हव्यात आणि बांगड्या काढायच्या. मी काढल्या. तिने पहिली चिठ्ठी उघडली, वाचायला तोंड उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

आमची माणसं! नाव न घालता आपली एक ओळ लिहा म्हटल्यावर मराठी बाईला काय सुचणार? उखाणा! आणि उखाणा म्हटला की त्यात नवऱ्याचं नाव आलंच. "ट्रेन लेट, बस लेट, रोजची घाई, संजयरावांचा डबा भरते, स्वतः जेवत नाही!" हॉल हसून लोळला. पुढची चिठ्ठी — पुन्हा उखाणा. त्याच्या पुढची, तेच. राणीच्या काळातला सगळा बंदोबस्त आमच्या बायकांनी पहिल्या पाच मिनिटांत धुऊन काढला. वृंदा माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अगं, आता कुणाची चिठ्ठी ते तुला कळतंय की. काय करू? थांबवू का?"

मी म्हटलं, "चालू दे गं. कागद मी काढतेय ना!"

हे माझं वाक्य. माझ्या तोंडचं. वृंदाने मान डोलावली आणि पुढची चिठ्ठी उचलली.

आता तुम्ही कल्पना करा. एक बाई, जिला नवऱ्याने टाकलंय हे साऱ्या हॉलला माहीत आहे, ती स्टेजवर उभी राहून एकामागून एक नवऱ्यांची नावं ऐकतेय. अमुकराव, तमुकराव. प्रत्येक नावाला टाळ्या. कुणीतरी मागून ओरडलं, "नीलिमावहिनींचापण होऊन जाऊ दे!" आणि मग कुणीतरी त्याला गप्प केलं. ते गप्प करणं मला जास्त झोंबलं. मी हसत होते. गाल दुखेपर्यंत हसत होते.

दुपारी जेवणानंतर दोन कोरे कागद एकमेकांना चिकटून माझ्या हातात आले. एक दाखवला, दुसरा परत टाकायचा म्हणून डाव्या मुठीत धरला. तेवढ्यात वृंदाने वाचलं, "वॉटफर्डच्या थंडीत चहाची किटली, सुरेशरावांची झाले, तरी माहेरची ओढ नाही सुटली."

आशाताई. प्रत्येकाला वाटत होतं लागावं त्यांना. मी पिंपात हात घातला, कागद काढला, उघडला.

मुंबई, जाऊन-येऊन.

लागलं होतं हो. त्यांना लागलं होतं. अगदी खरं, कुणीही काहीही न करता, हजारात एकदा जुळावं तसं जुळून आलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पदराचं टोक दोन्ही हातांनी धरून. आणि माझ्या मनात काय आलं? त्यांची आई? नाही. मला दिसली ती गॅस बारीक करायला उठलेली बाई. म्हटलं — मनात — तुमचं पण जाऊ दे एकदा काहीतरी.

मी तिकिटाचा कागद उजव्या मुठीत दाबला, डावी मूठ उघडली आणि कोरा कागद वर धरला.

इतकं सोपं असतं का हो हे? "कोरा!" म्हणाले. हॉलभर "अरेरे" झालं. आशाताई हसल्या, मान हलवली, माझ्याकडे बघून हाताने 'असू दे' अशी खूण केली. माझ्याकडे बघून! मी पुढच्या वेळी हात घालताना तिकिटाचा कागद परत पिंपात सोडला आणि खोलवर ढवळला.

इथेच थांबलं असतं तर? तरी ते पापच होतं. पण थांबलं नाही.

तासाभराने वृंदाने एक चिठ्ठी वाचली. "बायकोने बजावलंय नाव लिहायचं नाही, म्हणून लिहीत नाही." हशा पिकला. साऱ्या सोडतीत नियम पाळलेली ती एकच ओळ असेल, आणि तीच कुणाची आहे हे सांगायची गरज नव्हती. वृंदाचा नवरा माधव. मी हात घातला. या वेळी काहीही केलं नाही, शपथेवर सांगते. कागद उघडला — तोच.

या वेळी मुठीत दुसरा कोरा कागद नव्हता. सगळे बघत होते. मी वाचलं, "मुंबई, जाऊन-येऊन."

एकही टाळी नाही. मग मागून एक आवाज, "वा! घरातच की!" दुसरा, "म्हणून एवढा इतिहास शिकवला होय!" वृंदाचा चेहरा पांढराफटक पडला. माधव उठून म्हणत होता, आम्हाला नको, आम्हाला नको. वृंदाने तो कागद माझ्या हातून ओढून घेतला, स्टेजवरून खाली उतरली आणि आशाताईंसमोर धरला. "आशाताई, तुम्ही घ्या. प्लीज. तुम्ही जा."

कागद पुन्हा त्यांच्यापाशी आला होता. आपल्या पायांनी चालत, जिथे जायचा होता तिथे. मी स्टेजवर उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते — घ्या. घ्या हो. घेऊन टाका, म्हणजे मी सुटले.

आशाताई उभ्या राहिल्या. त्यांना मी कधी आवाज चढवलेला ऐकला नव्हता. म्हणाल्या, "वृंदा, माझी आई आजारी आहे, मी भिकारी नाही. लबाडीच्या तिकिटावर मी तिला भेटायला जाणार नाही."

तेव्हा बोलता आलं असतं. चार शब्द पुरे होते. तुमचंच आहे ते, आशाताई. मी तोंड उघडलं नाही. माईक माझ्या हातभर अंतरावर होता.

त्यांची आई दिवाळी बघायला राहिली नाही. बातमी आली तेव्हा मी खिचडीचा डबा घेऊन गेले. हो, गेले! लाज कशी वाटली नाही? वाटली, पण तरी गेले. आशाताई त्याच किचनमध्ये, त्याच खुर्चीवर. "नीलू, मी उगाच ताठा दाखवला गं," म्हणाल्या. "घ्यायला हवं होतं. वृंदाने काय केलं ते तिचं तिच्यापाशी. मी आईला भेटले तर असते." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांनी माझ्या फिरवला होता तसाच. माझं गुपित त्यांनी फोडलं असेल-नसेल, पण त्यांचं सगळं जग मी मुठीत दाबलं होतं आणि वर खिचडी घेऊन गेले होते.

वृंदाचं मंडळात येणं बंद झालं. कुणी तिला ये म्हटलं नाही, कुणी येऊ नको म्हटलं नाही. समोर आली की बायका एकदम हवापाण्याबद्दल बोलायला लागायच्या. ते कसं असतं मला चांगलं ठाऊक होतं, मी स्वतः त्यातून गेले होते. दोनेक वर्षांनी माधवने साउथहॅम्प्टनला नोकरी धरली आणि त्यांनी घर विकायला काढलं.

जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. बसली नाही. दारातच कोट घालून उभी. इकडचं तिकडचं बोलली, मग माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाली, "नीलू, एक सांगायचं होतं. त्या सोडतीनंतर मला सगळ्यांनी विचारलं. तोंडावर विचारलं, आडून विचारलं. माझ्या सासूने पुण्याहून फोन करून विचारलं. एका रात्री तर माधवनेसुद्धा विचारलं, की खरंच तू काही केलं नाहीस ना? सगळ्या जगात तू एकटी, जिने मला एकदाही विचारलं नाही. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या नवऱ्याने ठेवला नाही गं."

तिचे डोळे भरून आले होते. माझे हात तिच्या हातात होते.

मी म्हटलं, "मला माहीतच होतं, वृंदा. तू काही केलेलं नाहीस."