बोथ्याच्या नाल्यातली वाट

रविवारी सकाळी दाराची कडी वाजली, की बायको चादरीतूनच म्हणायची, "आले बघा तुमचे जंगलवाले." बाहेर तो उभा असायचा, डोक्याला रुमाल, खांद्यावर पाण्याची बाटली. "चाल बे, ऊन चढून राह्यलं."

बुलढाण्याला आम्ही एकाच कार्यालयात कारकून होतो. तो मूळचा वरवट बकालचा. लहानपणी सातपुडा समोर दिसायचा, म्हणून घरात जीव रमायची सवयच लागली नाही, असं तो सांगायचा. नोकरीने इथे आणलं, तर त्याने बोथ्याचं जंगल धरलं. मला ओढलं ते चहाच्या लालचीने. मग चहा राहिला बाजूला.

एकदा नाल्यात उतरलो, तर वळणापलीकडे अस्वल वारूळ उकरत होतं. आमची चाहूल लागून ते मागच्या पायांवर उभं राहिलं. त्याने माझं कोपर धरलं आणि ओट्यावरच्या म्हाताऱ्याशी बोलावं तशा सुरात म्हणाला, "चाललो बाप्पा आमी, तुमचं चालू द्या." पाठ न दाखवता आम्ही मागे सरकत सरकत रस्त्यावर आलो. तिथे तो पोट धरून हसला. मग पाणी प्यायला बाटली काढली, तर झाकण काही त्याला उघडेना. ते मी उघडून दिलं.

निवृत्तीनंतर रोज जायचं ठरलं होतं. पण त्याच्या छातीत दुखू लागलं आणि डॉक्टरांनी चढउतार बंद केला. तो ओसरीत खुर्ची टाकून बसू लागला. मला मात्र घरी बसू देईना. "तू जाऊन ये. मले येऊन सांग."

मी रविवारी एकटा जायचो आणि परतताना त्याच्याकडे थांबायचो. पहिल्यांदा म्हणालो, "काही नाही दिसलं रे."

"काहीच नाही कसं बे? जमीन तरी होती न?"

मग मी जमीन सांगू लागलो. ओल कुठवर आहे, रानडुकरांनी कुठे उकरलंय, मोहाखाली फुलं पडली का. तो डोळे मिटून ऐकायचा. मध्येच म्हणायचा, "थांब, थांब. डाव्या अंगाले पाह्यलं का?" नसायचं पाहिलेलं. पुढच्या रविवारी पाहायचो.

पळस फुलला होता तेव्हा तो गेला. फुललाय हे त्याला सांगून झालं होतं, एवढंच एक समाधान.

त्यानंतर मी जंगलाकडे फिरकलो नाही. कोणाला येऊन सांगायचं? रविवारी जाग लवकर यायची, आणि मी पडून राहायचो.

एका रविवारी बुद्धविहारातून वंदना करून वहिनी, त्याची बायको, सरळ आमच्याकडे आल्या. अंगावर वंदनेचीच पांढरी साडी, पायात मात्र मुलाचे बूट. "भाऊजी, मले त्या नाल्यात घेऊन चाला."

इतक्या वर्षांत त्या जंगलात कधीच आल्या नव्हत्या. रस्त्यावर गाडी लावून आम्ही हळूहळू उतरलो. मी हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या. हे बेहड्याचं झाड न? आता खडक येईन, मंग खालून पाणी."

खडक आला. त्याखाली पाणीही होतं, थोडंसं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"जेवताना हे दुसरं बोलतच कुठं होते? अन् इथं तुमी घसरले होते. चिखलाची पँट लपवत घरी गेले, हो न?"

मी हसलो. तो गेल्यापासून असा हसलो नव्हतो. आम्ही खडकावर बसून भाकरी खाल्ली. वहिनी बोलत होत्या, एकेक झाड दाखवत होत्या. मला बरं वाटत होतं, आणि त्याची आठवणही दाटून येत होती.

परतताना चढणीवर मी आपोआप थांबलो. काही तरी बघत तो नेहमी इथे मागे रेंगाळायचा, आणि मी वाट पाहायचो.

"काय झालं भाऊजी? थकले काय?"

"नाही," मी म्हणालो. पण आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. वहिनीही शेजारी थांबल्या.