एका दिव्याखाली दोन सरडे

आमच्या मनुरेवातल्या गल्लीत शैलामावशीबद्दल एकच अफवा दोन भाषांमध्ये फिरायची. कोपऱ्यावरच्या डेअरीत पाव-दूध घ्यायला आलेली पोरं ती इंग्रजीत सांगायची, "ब्रो, त्या बाईकडे पायथन आहे. एवढा मोठा, हीप्स मोठा. सोळा नंबरवाल्यांचं मांजर त्यानेच गिळलं." मराठी मंडळातल्या बायका तीच अफवा पुण्याच्या सुरात, नाकावरचा चष्मा सावरत सांगायच्या, "अगं, शैलाताई म्हणे घरात नाग पाळतात. खरंच! नागपूरच्या ना त्या!" जणू नागपूरला प्रत्येकाला जन्माच्या दाखल्याबरोबर एक नाग मिळतो.

खरं काय ते सांगते. या किवींच्या देशात साप नाही. पाळायला बंदी आहे आणि प्राणिसंग्रहालयातसुद्धा दिसत नाही. शैलामावशीकडे होता तो सरडा. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात त्याला. हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी, आणि चिडला की ती दाढी कोळशासारखी काळी करणारा. त्याचं नाव दादा. आणि सोळा नंबरवाल्यांचं मांजर सतरा नंबरमध्ये मजेत राहत होतं, कारण तिथे जेवण बरं मिळायचं.

अफवेतला हिंस्रपणा मात्र खोटा नव्हता. फक्त तो सापाचा नव्हता, मावशीचा होता. मावशी इलेक्ट्रिकल इंजिनियर. कारखान्यांची स्विचबोर्डं तपासायची आणि धोकादायक दिसली की बंद पाडायची. बोलणंही तसंच. "जय भीम" एवढं प्रेमाने म्हणायची, त्यानंतर धमक्या सुरू. "थोतरीत देईन." "तंगडं मोडून हातात देईन." "काऊन बे पोट्टे, दार उघडं ठेवून राहिली? गरम हवा काय तुझा बाप भरून देईल?" तिची नक्कल करून मी मंडळात टाळ्या घ्यायचे. माझी आई मृदुला मला दटावायची आणि तोंडाला पदर नव्हता म्हणून ओढणी लावून हसायची.

दादाची पेटी मावशीने जुन्या कपाटातून स्वतः बनवली होती. पुढे काच, एका टोकाला वरून दिवा आणि दिव्याखाली सपाट दगड. दुसरं टोक मुद्दाम गार, म्हणजे तापलं की सरडा तिकडे सरकेल. दिव्याभोवती तारेची जाळी, कारण दादाला उड्या मारायची सवय. ऊब जास्त झाली की दिवा आपोआप मंद करणारा थर्मोस्टॅट, आणि त्याची तार दगडाला घट्ट बांधलेली. आमच्या भाड्याच्या घरांत जुलैमध्ये, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, चहा पिताना कपातून कमी आणि तोंडातून जास्त वाफ निघते. अख्ख्या गल्लीत नीट गरम असलेली एकच खोली होती, आणि तीत दादा राहायचा. तिथे बसून तो टोळ खायचा. जिवंत टोळ. आधी मान वाकडी करून बघायचा, मग कच्च. टोळाचं डोकं आत आणि पाय बाहेर, अजून सायकल चालवत. मला बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

२०१५च्या हिवाळ्यात मावशीचा नवरा सुखदेवकाका टौरंगा नावाच्या गावाला गेला आणि येताना दुसरा सरडा घेऊन आला. कुणीतरी घर बदलताना टाकून चाललं होतं. दादाच्या निम्मा, फिकट, डोळे अर्धे मिटलेला. सोबत एक प्लगवाला प्लास्टिकचा दगड होता, आतून तापणारा.

मावशीने सरडा उलटा धरला. पोटावर भाजल्याचा तपकिरी चट्टा होता. तिने तो प्लगवाला दगड अंगणात नेला, काँक्रीटवर ठेवला आणि हातोडी घातली. एकदा, दोनदा. तुकडे कुंपणापर्यंत उडाले. आतली तार बाहेर आली, तिचेही तिने तुकडे केले.

"अगं शैला, प्लग काढून ठेवला असता तरी चाललं असतं," काका म्हणाला.

"आणि उद्या कोणी उचलून नेला असता तर? याच्या पोटाले कळत नाही बावा, भाजून राहिलं म्हणून. पाठीले कळते. सूर्य वरतून येते का खालून? सांग बरं."

"वरतून," काका म्हणाला.

"मग गप बस."

नव्याचं नाव ठेवलं बाळू. त्याला वेगळी पेटी हवी, असं काका दबक्या आवाजात म्हणाला. मावशीने ते उडवून लावलं. "आम्ही सगळी भावंडं एका गोधडीत निजलो. थंडी वाजली का एकमेकाच्या अंगावर. इतक्या मोठ्या घरात हा लहाना एकटा काऊन राहील? दिवा एक आहे तर आहे."

आणि जमलंही. दुसऱ्याच दिवशी दादा बाळूच्या पाठीवर चढून बसला. दोघे दिव्याखाली, एकावर एक. मंडळातल्या बायका मुद्दाम बघायला आल्या. "अय्या, सख्खे भाऊ!" "मोठा पांघरूण घालतोय बघ!" फोटो काढले, सगळीकडे पाठवले. मावशीने आयुष्यात पहिल्यांदाच धमकी न देता चहा केला. बाळू किती गरीब, असं जो तो म्हणे. हातात घ्या, उलटा करा, शेपूट ओढा, तो चावत नसे. टोळ नाकासमोरून गेला तरी ढिम्म. "संस्कारी आहे," आई म्हणाली.

दोन आठवड्यांनी, एका रविवारी, कडक ऊन पडलं. बाळू हल्ली काहीच खाईना म्हणून काकाला वाईट वाटलं. त्याने त्याला टोपलीत घालून खिडकीतल्या उन्हात ठेवलं. "एकटा जरा ऊन खाऊ दे त्याला." तासाभरात बाळूचा रंग पालटला. फिकटाचा पिवळा झाला, डोळे टक्क उघडले. काकाने कौतुकाने त्याला पेटीत परत ठेवलं.

दादा सवयीने त्याच्या पाठीवर चढला.

पुढचं सगळं क्षणार्धात झालं. बाळूने मान वळवून दादाचा जबडा धरला. दादाची दाढी काळी झाली. दोघे गुंडाळी होऊन काचेवर आदळले. थाड! पुन्हा थाड! वाळू उडाली, दगड उलटला. दादाने बाळूचा पुढचा पाय तोंडात धरला आणि डोकं असं झटकलं, जसं कुत्रं फडकं झटकतं. काचेवर रक्ताची रेघ आली. मी किंचाळले. काका किंचाळला. मावशी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली आणि सरळ दोन्ही हात आत घातले. दादाने तिचा अंगठा धरला. तिचं कोपर दिव्याच्या जाळीला टेकलं, चर्र आवाज आला, पण तिने हात काढला नाही. एका हाताने दादाला भिंतीशी दाबलं, दुसऱ्याने बाळूला ओढलं. बाळूचं एक बोट दादाच्या तोंडातच राहिलं. दादाने ते गिळलं.

"टॉवेल दे!" मावशी ओरडली. "बघून काय राहिली बे? टॉवेल!"

सोमवारी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी झटापटीत चेंगरलेलं बाळूच्या शेपटीचं टोक कापलं. मावशी बाळूला धरून उभी, अंगठ्याला पट्टी, कोपरावर फोड. बाई किवी आवाजात, नाकातून, शांतपणे बोलल्या. जखमा भरतील. खरी काळजी पोटाची. हा प्राणी अंगात ऊब असल्याशिवाय अन्न पचवू शकत नाही, आणि याला आठवडेच्या आठवडे ऊब मिळालेली नाही.

"पण दिवा होता ना!" मावशी म्हणाली.

"दिवा होता. पण दिव्याखाली मोठा होता. वर चढून बसणं म्हणजे लाड नाहीत, ती दादागिरी आहे. ऊब त्याची, हा सावलीत. गरीब नाही हो हा, गारठलाय. आता वेगळा ठेवा, नीट तापवा. आठवडाभरात स्वतःहून खाल्लं तर ठीक. नाहीतर... बघू या."

घरी येताच मावशी गराजमध्ये गेली आणि दुसरं कपाट करवतीने फाडायला लागली. दार तोडलं, फळ्या उपटल्या, खिळे दातात. काका मदतीला गेला तर म्हणाली, "हात नको लावू. माझी चुकी आहे. गोधडी म्हणे! माणसाचं अंग आतून तापते, याचं नाही. इतकं मला कळू नये? लोकाचे बोर्ड बंद करत फिरते!" आणि हातोडीचा घाव असा घातला की शेजारचा कुत्रा भुंकायचा थांबला.

संध्याकाळपर्यंत पेटी उभी राहिली. दिवा, जाळी, थर्मोस्टॅट, गार टोक. दादाची पेटी दिसू नये म्हणून मध्ये पुठ्ठा. बाळू दिव्याखाली ठेवला. तो पडून राहिला, चिंधीसारखा.

दिवस गेले. रोज दिवा, रोज टोळ, रोज नकार. टोळ त्याच्या अंगावरून चालायचा. मावशी ऑफिसातून आली की बूट न काढता पेटीशी उकिडवी बसायची आणि धमक्या द्यायची. "खा बे. खा नाहीतर थोतरीत देईन." आवाज मात्र धमकीचा राहिला नव्हता.

तो आवाज मला झेपेना. म्हणून मी मला येतं ते केलं. डॉक्टरीणबाईंच्या नाकातल्या आवाजात म्हटलं, "मावशी, सॉरी टू से, हा काही वाचत नाही. लागली पैज?"

काकाने माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. मावशी वळली. डोळे लाल.

"लागली. मेला तर हातोडी तुझी, माझी नक्कल करत फिर जन्मभर. खाल्लं तर तू चारशील. तुझी शाळेची सुट्टी संपेपर्यंत. चिमटा नाही, हाताने."

"स्वीट ॲज, चालेल," मी म्हटलं. टोळाला मी कधी हात लावला नव्हता, तरी म्हटलं.

शनिवारी सकाळी त्यांच्या दारात गेले तर मावशी पेटीशी ताठ बसलेली. बाळू दगडावर उभा होता. उभा! एका पायाला चारच बोटं, तरी पिवळाधमक, गळा फुगवलेला. काच पुसलेली आणि आत एकाच टोळाचे दोन पाय पडलेले, बाकी टोळ नाही.

"सकाळी एक खाल्ला," काका कुजबुजला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"रडून काऊन राहिला तू? सरक," मावशी म्हणाली आणि टोळांचा डबा माझ्या हातात कोंबला. "ये, पोट्टे. घे एक."

मी डोळे मिटून एक पकडला. तो माझ्या बोटांत लाथा झाडत होता. हात पेटीत घातला. दिव्याची ऊब मनगटावर आली. बाळूने मान वाकडी केली, बघितलं आणि झेपावला. टोळाचं डोकं त्याच्या तोंडात गेलं, त्यासोबत माझ्या बोटाचं टोकही. कातडी फाटली, रक्त आलं आणि तो सोडेना. मी जी किंकाळी फोडली, ती म्हणे डेअरीपर्यंत ऐकू गेली आणि सोमवारपासून पायथनने माणूस खाल्ल्याची अफवा उठली.

"मावशी! चावतोय! मावशी!"

मावशी जागची हलली नाही. कोपरावरच्या खपलीवर हात ठेवून, दात दाखवत हसत होती.

"चावून राहिला ना? म्हंजे गरम झाला. दुसरा घे."