सुकट आणि मोगऱ्याची अगरबत्ती

आमच्या घाटकोपरच्या घरात सुकट भाजणं ही गुपचूप उरकायची गोष्ट होती. आधी स्वयंपाकघराची खिडकी बंद. मग बाहेरच्या दाराच्या फटीला ओलं फडकं. पंखाही बंद, कारण पंखा वास पसरवतो. मग आई मोगऱ्याच्या अगरबत्त्या पेटवायची, एक नाही, मूठभर, आणि त्यानंतरच सुकट तव्यावर पडायची. आम्ही खोकत, डोळे पुसत जेवायचो. बिल्डिंग जवळपास सगळी शाकाहारी. आडनाव ऐकलं की ‘फ्लॅट कालच गेला’ असं ठिकठिकाणी ऐकून घेत वडिलांनी ही जागा मिळवली होती. त्यामुळे कुणाला बोलायला निमित्त द्यायचं नाही, हा आईचा नियम. मला तो लहानपणापासून डोक्यात जायचा. एकदा तरी खिडकी सताड उघडी टाकून सुकट भाजायची आणि तरी डोक्यावर छप्पर शाबूत राहिलं पाहिजे, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

जर्मनीत ॲडमिशन मिळाली तेव्हा वाटलं, सुटले.

तिथे मात्र खोलीच मिळेना. शेवटी एका निवृत्त शिक्षिकेच्या घराची जाहिरात सापडली आणि त्यात ठळक लिहिलेलं: या घरात मांस-मासळी शिजत नाही. म्हटलं, वाट लागली, एवढं विमानात बसून पुन्हा घाटकोपरच. पण थंडी तोंडावर आली होती, गेले. बागेत पाण्याच्या नळीशेजारी बुद्धाची मूर्ती होती. मी सवयीने हात जोडले. मालकीणबाई दारातून बघत होत्या.

“तू बौद्ध?”

“हो.”

“कधीपासून?”

“जन्मापासून.”

बाईंनी छातीवर हात ठेवला. त्या स्वतः पन्नाशीनंतर बौद्ध झालेल्या, तेही पुस्तकं वाचून. जन्मजात बौद्ध त्यांनी प्रथमच पाहिला होता, आणि तो थेट भारतातला. माझा भाड्यासाठीचा अर्ज न वाचताच त्यांनी किल्ली दिली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या धर्मामुळे मला घर मिळालं, आणि आनंद मानावा की रडावं तेच कळेना.

बाईंच्या हातचं जेवण म्हणजे उकडलेली मसूर डाळ, उकडलेलं गाजर आणि टोफूचा एक खिन्न तुकडा. मीठ मागितलं तर हसायच्या. बुद्धाने मध्यम मार्ग सांगितला होता, या बाई मिठापर्यंतही यायला तयार नव्हत्या. आमच्याकडे रविवारी सकाळी पांढऱ्या साडीत आई विहारात वंदनेला जाते आणि दुपारी मटण शिजतं. जीवहत्या न करण्याचं पहिलं शील आम्हालाही पाठ आहे. त्यावर घरात वादही होतात, पण जेवण झाल्यावर.

मी काही लपवलं नाही. तिसऱ्याच दिवशी सरळ सांगितलं, “आमच्याकडे सगळं खातात.”

बाईंनी डोळे मिटले. “सगळं. आणि कशाचीही आसक्ती नाही.”

आता यावर काय बोलणार!

गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे ध्यानाला पाच-सहा मंडळी जमायची. मला मधल्या उशीवर बसवत. एका उंच गृहस्थाने विचारलं, मन भरकटलं तर भारतात काय करतात? मला आईचं उत्तर तेवढं आठवलं. म्हटलं, “आधी जेवून घ्यावं.” गृहस्थ ते वाक्य पुटपुटत राहिला आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच सुमाराला आईचं पार्सल आलं. मढच्या कोळणीकडून घेतलेली सुकट, पाच पिशव्यांत एकात एक गुंडाळलेली, आणि वर अगरबत्तीचा पुडा. निरोप: खिडकी बंद करून भाज. माझ्या खोलीत विजेची छोटी शेगडी होती. मी, जी लहानपणापासून या प्रकारावर चिडत आले, तिनेच खिडकी लावली, फटीला टॉवेल लावला, धुराच्या अलार्मला आंघोळीची टोपी घातली आणि अगरबत्त्या पेटवल्या. खोली गेली तर या थंडीत जाणार कुठे?

भाकरी नव्हती, पावाबरोबर खाल्ली. असं सुख कित्येक महिन्यांत लाभलं नव्हतं. ताट घेऊन दार उघडलं, तर बाहेर पॅसेजमध्ये बाई मांडी घालून बसलेल्या. डोळे मिटलेले, चेहरा तृप्त.

“तुझी पूजा चालली होती,” त्या हळूच म्हणाल्या, “म्हणून आत आले नाही.”

पुढच्या रविवारी त्या उशी घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी उंच गृहस्थही आला. मी आत सुकट परततेय आणि बाहेर जर्मन माणसं दीर्घ श्वास घेतायत, असं ते चित्र. गृहस्थ म्हणाला, या सुगंधात काहीतरी समुद्रासारखं आहे. बाई म्हणाल्या, करुणेचा समुद्र. त्या दिवशी मला घास गिळता येईना, आधी हसू आवरेना म्हणून आणि मग भीती वाटली म्हणून.

बुद्धपौर्णिमेला व्हायचं ते झालं. आईने घाटकोपरहून व्हिडिओ कॉल केला. पांढरी साडी, हातात खिरीची वाटी, मागे भिंतीवर बुद्धांची आणि निळ्या कोटाची अशा दोन तसबिरी. सगळी मंडळी फोनसमोर वाकून बसली. बाईंनी मला दुभाषी केलं. “आईला विचार, दर रविवारी तू अगरबत्ती लावून जो विधी करतेस, त्याचा अर्थ काय?”

“काय म्हणते गं ती?” आई.

“अगरबत्तीचं विचारतेय.”

आईचा चेहरा उतरला. “वास गेला ना तिच्यापर्यंत? किती सांगितलं, खिडकी लाव, खिडकी लाव! आता काढेल ना घरातून!”

“काय म्हणाल्या?” बाई आतुरतेने पुढे सरकल्या.

मी काहीही सांगू शकले असते. करुणा म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पडद्यावर आई पदराने कपाळ पुसत होती, इतक्या लांबूनसुद्धा घाबरलेली, आणि मला त्या घाबरण्याचा एकदम संताप आला. मी जसंच्या तसं भाषांतर केलं. सुकट म्हणजे काय, तेही सांगितलं.

“मासे?” गृहस्थ म्हणाला.

मग बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “पण मला खरंच शांत वाटायचं.” आणि आपल्या खोलीत निघून गेल्या. आईने फोन ठेवला. रात्रभर मी मनातल्या मनात बॅग भरत होते.

सकाळी बाई दारात उभ्या. “मी मासे खाणार नाही, तुझा तवा वेगळा ठेव,” त्या म्हणाल्या. “पण खिडकी उघडून भाज. आणि ती अगरबत्ती बंद कर, तिच्याने मला दम लागतो.”

आजवर तो धूर त्यांनी धर्म म्हणून सोसला होता.

शिक्षण संपवून परत आले त्या रविवारी मी आईच्या स्वयंपाकघरात सुकट भाजायला घेतली. खिडकी उघडी, अगरबत्ती नाही. आई मागून हात ओढत होती. “अगं, लाव ती! तू जाशील परत नोकरीला, राहायचं आम्हाला आहे इथे!” मी ऐकलं नाही. आणि बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरच्या बेन. आई पांढरीफटक.

“ताई, आज अगरबत्ती नाय लावली?” बेन म्हणाल्या. “पाहुणे बसलेत आमच्याकडे. रोज अगरबत्तीचा वास आला की आम्हाला समजते, तुमच्याकडे मच्छी आहे, मग आम्ही खिडकी बंद करते. आज समजलाच नाय.”

“तुम्हाला माहीत होतं?” आईने विचारलं.

“सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे ना! लावत जा हां,” म्हणत बेन उतरूनही गेल्या.

मला हसू यायला हवं होतं, पण आईकडे बघून जीव तुटला. ती दाराला टेकून उभी होती.

“मग इतकी वर्षं मी कुणासाठी गुदमरले गं?”

ती आत आली, खिडकीपाशी गेली. वाटलं, लावतेय. तिने उरलेली काचही सरकवली, देवळीतला अगरबत्तीचा पुडा उचलून कचऱ्यात टाकला आणि माझ्या हातातलं उलथणं घेतलं.

“सरक,” ती म्हणाली, “करपवशील.”