बियाण्याच्या खोलीची किल्ली

ज्या बाईबरोबर मी अकरा वर्षं एकाच आवारात काम केलं, तिच्याबद्दल मला खरं तर फार थोडं ठाऊक आहे. तिला भावंडं किती, ती आमच्याकडे कशी आली, मी कधी विचारलं नाही. बोलायला मी पहिल्यापासून कच्चा. ती गेल्याचं पत्र आलं तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही लिहा चार ओळी, तुम्ही तिथे होतात." होतो खरा. तेच तर टोचतं.

आमच्या चर्चच्या मंडळीची शेती होती, आणि शेतीला लागून पाहुण्यांसाठी आठ खोल्या. मी पंप आणि कुलपं सांभाळायचो, ती स्वयंपाकघर. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण तिला बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. प्रार्थनेतही ती दाराशी उभी, एक कान बाहेर.

"ताई, आमेनपर्यंत तरी टेका," पाळक म्हणायचे.

"देव उभ्यानेही ऐकतो. दूध थांबत नाही."

ओढ्यापलीकडची वस्ती आमच्या मंडळीतली नव्हती. त्यांच्याबरोबर निम्म्या वाट्याने बटाटा लावायचं ठरलं, ते तिच्यामुळेच. दोन वर्षं खेपा घातल्या तिने. जमिनीचा लहानसा तुकडा आणि बियाणं आमचं, मेहनत त्यांची. वस्तीतले काका सगळ्यांत शेवटी राजी झाले. पूर्वी त्यांना कुणीतरी फसवलं होतं. लागवड सोमवारी होती.

शनिवारी दुपारी फाटकासमोर बस बंद पडली. चाळीस माणसं, कडेवर पोरं, एक बाई दिवस भरत आलेली. कोठीत काही नव्हतं आणि पाळक परगावी. भिंगरी माझ्यापुढे हात करून उभी राहिली.

"मिस्त्री, बियाण्याची किल्ली द्या."

'ताई, वस्ती त्याच्या भरवशावर आहे,' असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "त्याला औषध लावायचं राहिलंय अजून." म्हणजे खायला हरकत नाही, असंच झालं ते! आणि किल्ली दिली.

तिने कोंब खुडले, साली काढल्या, मोठी पातेली चढवली. माणसं पोटभर जेवली. संध्याकाळी दुसरी बस त्यांना घेऊन गेली आणि ही अंगणात येरझाऱ्या घालू लागली. मीही पाने-पकडी उगाच पुसत बसलो.

रविवारी पाळक परतले. "किल्ली कुणी दिली?"

"खिळ्यावर होती," ती म्हणाली.

किल्ली कधीच खिळ्यावर नसायची, माझ्या खिशात असायची. तिला खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. आणि गप्प राहिलो.

ती तडक ओढा ओलांडून गेली. मला राहवेना, मागोमाग गेलो. काका पायरीवर होते. तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"सगळं संपवलं?"

"निम्मं उरलंय."

"चाळीस माणसं दारात, आणि आम्हाला एक हाक नाही? आमच्याकडे पीठ होतं, चुली होत्या. वाटा निम्मा म्हणता आणि अडचणीत एकट्याच धावता? भागीदार आहोत का मजूर?"

ती मटकन खालच्या पायरीवर बसली. बसलेली अशी पहिल्यांदाच पाहिली मी तिला.

"चुकलं काका."

"उद्या येतो आम्ही. असेल तेवढं लावू. पण त्या खोलीला दुसरं कुलूप घाला, त्याची किल्ली आमच्याकडे."

दुसरं कुलूप मीच बसवलं. त्या वर्षी अर्धा तुकडा उघडा राहिला. ती वर्षभर त्या बाजूने गेली नाही, लांबून वळसा घालायची.

पुढे सहा वर्षांनी तिच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि ती भाचीकडे निघाली. फाटकाशी पिशवी धरून उभी होती. मी सगळं बळ एकवटलं.

"ताई, त्या किल्लीचं..."

"पंपाचा वॉशर बदललात का?"

"बदलला."

"तरी गळतोय. बघा जरा."

"बघतो," मी म्हणालो.