तिरंगी पाणी

पंधरा ऑगस्टला सातपूरचे कारखाने बंद असतात, म्हणून आम्ही त्याच दिवशी धरणावर जातो. देशभक्ती वगैरे काही नाही. मला पगारी सुट्टी मिळते आणि माझ्या म्हाताऱ्या बाला सोबत लागते, एवढंच.

आमचं गाव त्या धरणात गेलं तेव्हा मी आईच्या पोटात होते. घरं गेली, भाताची खाचरं गेली आणि शिवाराच्या कडेला मांडलेले, वारलेल्या माणसांच्या नावाचे दगडही गेले. त्यातला एक लहानसा दगड माझ्या थोरल्या बहिणीचा. नुकती कुठे चालायला लागली होती, तापाने गेली. आमच्या आदिवासी घरांत पावसाळ्यातली पहिली काकडी आधी गेलेल्यांपुढे ठेवतात, मगच घरात चिरतात. दगड पाण्याखाली, म्हणून बा ती काकडी दरवर्षी पाण्यात सोडतो. तोवर तो काकडीला तोंड लावत नाही, आणि माझ्या मुलीने बाजारातली खाल्ली तर दिवसभर घुम्यासारखा बसतो.

यंदा पोचलो तर तिथे जत्राच भरलेली. दिवेलागणीला धरणाच्या दरवाजांवर रंगीत झोत सोडले होते. पाणी केशरी, पांढरं, हिरवं होऊन कोसळत होतं. भाजलेली कणसं, भजी, सेल्फी. काठावर मात्र लोखंडी कठडे लावलेले. पहाऱ्यावरचा शिपाई तसा सज्जन होता. बाबा, खाली जाता येणार नाही, इथून बघा, छान दिसतं, म्हणाला. मी त्याला दगड, बहीण, काकडी सगळं सांगितलं. तो ओशाळला. काकडी माझ्याकडे द्या, मी टाकतो, म्हणाला. बाने पिशवी पोटाशी धरली. हे काम परक्याच्या हातून होत नाही.

तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, जरा बाजूला होता का, फोटोत येताय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार काय? खाली काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांना सांगावं असं इतक्या वर्षांत कुणालाच वाटलं नव्हतं. आम्ही बाजूला झालो.

काकडीची पिशवी मांडीवर घेऊन बा बसमध्ये बसला. घरी आल्यावर चपला काढून तो थेट स्वयंपाकघरात गेला आणि नळापाशी उभा राहिला.

"पोरी, हे पानी तिथूनच येतं ना?"

मी हो म्हणाले. आमच्या वस्तीला त्याच धरणाचं पाणी आहे. ते मला नेहमीच माहीत होतं. बाने मोरी हाताने घासून लख्ख केली, काकडी नळाखाली ठेवली आणि धार बारीक सोडली. मग हात जोडले.

माझी मुलगी रिकामा पेला घेऊन आत आली. नववीत आहे, आजोबांच्या खांद्याला लागते. तिने नळाकडे हात नेला तसा बाने तिला अडवलं.

"थांब. आधी तुझ्या मावशीला खाऊ दे. लहान हाय ती."